आहेरबाईंचा गुरुवार

सहादू पगारेंनी ताट हळूच पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाला जेवायला वाढत नसत्यात, पोरी."

चांगुणाला वाटलं, सासरे रागावलेत. भाजीत मीठ जास्त पडलं असेल, नाहीतर कालच्या पोरांच्या दंग्याचा राग असेल. पण त्यांच्या आवाजात रागाचा मागमूसही नव्हता. गाडी वेळेवर सुटली, असं सांगावं तसं ते सांगत होते. तिने ताट पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पुन्हा सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

फेब्रुवारी १९७७ मधली ही गोष्ट. नाशिक रोडच्या एका वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात पगारे कुटुंब राहत होतं. सहादू, त्यांचा मुलगा यादव, सून चांगुणा आणि दोन नातवंडं. सहादूंचं वय सदुसष्ट. मनमाडच्या आसपासच्या लहानसहान स्टेशनांवर त्यांनी पस्तीसेक वर्षं पॉइंट्समनचं काम केलं होतं. लोखंडी दांडा ओढून रूळ फिरवायचे आणि गाडी या वाटेवरून त्या वाटेवर घ्यायची. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नव्हती. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि निवृत्त झाल्यावर वसाहतीतल्या विहाराची झाडलोट, पोरांचा अभ्यास, कुणाचे अर्ज लिहून देणं, हे सगळं अंगावर घेतलं.

चांगुणा या घरात आली तेव्हा नववी नापास होती. लग्नानंतर महिनाभरातच सहादूंनी तिला विचारलं, "पुढं शिकायचं का?" तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला घेऊन शाळेत गेले. सुनेच्या हातात दप्तर बघून आयाबाया हसल्या. सहादूंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मॅट्रिक झाल्यावर तिने अध्यापनाचा कोर्स केला आणि आता ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होती. तिला वडील आठवत नव्हते. वडील म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे हेच यायचे, मामा.

हे मामा दोन वर्षांपूर्वी, त्यांची बायको सुलाबाई गेल्या तेव्हा, खचले होते. पण मग सावरलेही होते. आता मात्र पावसाळा संपल्यापासून काहीतरी बिनसलं होतं. आधी विहारात जाणं सुटलं. मग पेपर तसाच घडीचा घडी पडून राहू लागला. नातवंडांची नावं चुकू लागली. तासन्तास एका हाताने दुसरा हात चोळत बसायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "वय झालं. या वयात असं व्हायचंच."

शेजारच्या भागीबाईंनी त्याला म्हातारचळ म्हटलं. यादवनेही तेच मान्य केलं. तो कचेरीत कारकून होता, स्वभावाने गरीब. वडिलांकडे बघितलं की त्याचे डोळे भरून यायचे आणि मग तो उठून बाहेर जायचा.

चांगुणाला मात्र ते पटेना. तिने शाळेत मोठ्या बाईंजवळ विषय काढला. त्या म्हणाल्या, "गंगापूर रोडला एक डॉक्टर आहेत, आहेरबाई. मनाच्या आजारांच्या. दर गुरुवारी फक्त म्हाताऱ्या माणसांना बघतात. माझ्या आत्याला नेलं होतं."

"फक्त म्हाताऱ्यांना?"

"हो ना. बाकीचे डॉक्टर हसतात म्हणे त्यांना."

त्या गुरुवारी चांगुणा एकटीच गेली, कारण मामा उंबऱ्याबाहेर पाय टाकायला तयार नव्हते. गंगापूर रोडला तेव्हा वस्ती विरळ होती. बसमधून उतरून पेरूच्या बागांच्या कडेने बरंच चालावं लागलं. दवाखाना म्हणजे एका घराच्या पुढच्या दोन खोल्या. बाकांवर म्हातारे बसलेले. बाकांना पाठी होत्या आणि बसायची फळी उंच होती, म्हणजे गुडघे दुखणाऱ्याला उठताना त्रास नको. आत डॉक्टर सरोजिनी आहेर बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, उंच, सुती पातळ नेसलेल्या. देवळ्याकडच्या शेतकरी घरातल्या. मुंबईला आणि मग बंगलोरला शिकून आलेल्या.

चांगुणा बोलत होती तोवर त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी पितात?"

"दोन दिवसांपासून तेही नाही म्हणतात."

आहेरबाई उठल्या. बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांना बघितल्याशिवाय मी जाणार नाही. पण संध्याकाळी मला नाशिक रोडला जायचंय, तेव्हा आज गप्पा जरा कमी." आणि दिवस मावळायच्या आत त्या खरंच चांगुणाबरोबर बसमध्ये बसल्या. हातात काळी बॅग, पायात साध्या चपला.

घरात आल्यावर त्यांनी खुर्ची नाकारली. सहादूंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "सहादूबाबा, मी डॉक्टर आहे. चांगुणाने बोलावलं म्हणून आले. तुमची नाडी बघू का?"

सहादूंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "मेलेल्या माणसाला इचारावं लागतं का?"

"मला लागतं."

त्यांनी हात पुढे केला. बाईंनी नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं, कानाशी घड्याळ धरून ऐकू येतं का ते बघितलं. यादव दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, असं काय बोलता? तुम्ही बसलात ना समोर?" बाईंनी हाताने त्याला थांबवलं.

"कधी झालं हे, बाबा?" त्यांनी विचारलं.

"आषाढात. चव्वेचाळीस साली." सहादूंचा आवाज अगदी खालचा होता. "बहिरू मेला त्या दिवशी. मीच मारला त्याला. माझ्या जागी उभा होता. पाऊस लय होता. तो गेला आन् मी पण गेलो. आतडी सडली माझी. उगं बसून ऱ्हायलोय."

चांगुणाने बहिरूचं नाव आजवर कधी ऐकलं नव्हतं. तिने यादवकडे बघितलं; त्यालाही ते नवं होतं. आहेरबाई मात्र "तसं नाही हो" म्हणाल्या नाहीत, की मान डोलावून खोटं "हो"ही म्हणाल्या नाहीत. "फार वर्षं एकट्याने वागवलंत," एवढंच बोलल्या.

सहादूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते रडताहेत हे चांगुणाने चार महिन्यांत पहिल्यांदा बघितलं.

बाहेर अंगणात बाई म्हणाल्या, "हा म्हातारचळ नाही. स्मृती गेलेली नाही त्यांची, खोल बुडाली आहे. हा उदासीनतेचा आजार आहे, फार पुढे गेलेला. उतारवयात तो असा रूप बदलून येतो आणि घरादाराला वाटतं, वय झालं. बरा होतो. पण अन्नपाणी सुटलंय, तेव्हा वेळ कमी आहे. त्या झोपेच्या गोळ्या आजपासून बंद. उद्या सकाळी दाखल करू."

शहरातल्या एका लहान हॉस्पिटलात बाईंसाठी चार खाटा असत. तिथे सहादूंना सलाइन लावलं. रक्त, लघवी, छाती, सगळं तपासून घेतलं. मैना नावाच्या सिस्टर होत्या, त्या सहादूंना काहीही करण्याआधी नाव घेऊन सांगायच्या, "सहादूबाबा, आता पाठ पुसते हं." उत्तर येत नसे, तरी सांगायच्या. हे बाईंनी लावून दिलेलं वळण होतं.

रविवारी चांगुणा हॉस्पिटलात गेली तर बाई नव्हत्या. मैना सिस्टर म्हणाल्या, "मनमाडला गेल्यात."

"मनमाडला? कशाला?"

"तुमच्या सासऱ्यांनी ज्याचं नाव घेतलं त्याला शोधायला."

सोमवारी बाईंनी सगळं सांगितलं. जुन्या रेल्वेवाल्यांना विचारत विचारत त्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी पोचल्या होत्या. दुकानात पंचावन्न-छप्पन वर्षांचा बहिरू बसला होता. डाव्या पायाचं पाऊल नव्हतं, बाकी ठणठणीत. चव्वेचाळीस सालच्या आषाढात एका लहान स्टेशनावर सहादूंची पाळी होती. सुलाबाई अडल्याचा निरोप आला, म्हणून त्यांनी बहिरूला विनवलं, आजचा दिवस माझ्या जागी उभा राहा. बहिरू उभा राहिला. पावसाने निसरड्या झालेल्या स्लीपरवरून पाय घसरला आणि सरकत्या डब्याखाली त्याचं पाऊल सापडलं. कुणाचीही चूक नव्हती. त्याच दिवशी इकडे यादवचा जन्म झाला.

"म्हणजे जिवंत आहे तो!" चांगुणा उठलीच. "मग मामांना सांगूया ना आत्ताच!"

"आत्ता नाही. आजार असताना पुराव्याचा उपयोग होत नाही, उलट बाधतो. आधी त्यांना वर काढू."

"मग तुम्ही एवढ्या लांब गेलात कशाला?"

"खरं असतं तर?" बाई म्हणाल्या. "म्हातारा माणूस काही बोलला की आपण लगेच भ्रम म्हणतो. कधी कधी ते खरंच घडलेलं असतं. तेवढं बघणं माझं कामच आहे."

पण चांगुणाला राहवलं नाही. बाई दुसऱ्या खोलीत गेल्या तशी ती सहादूंच्या कानाशी वाकली. "मामा, बहिरूकाका जिवंत आहेत. मनमाडला. सायकलचं दुकान आहे त्यांचं."

सहादूंनी मान वळवली. त्यांच्या नजरेत इतकी कणव होती की चांगुणा मागे सरकली. "तू बी मेलीस का गं, पोरी?" ते म्हणाले. "तुला तिकडं भेटला व्हय तो?"

आणि त्यांनी हातातली सलाइनची सुई उपटून काढली.

त्यानंतर दोन दिवस ते कुणाला हात लावू देईनात. सून आपल्यामुळे मेली, हे आणखी एक ओझं त्यांच्या डोक्यावर बसलं होतं. चांगुणा बाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं. बोलणी खायच्या तयारीनेच ती गेली होती.

"तुमच्या जागी मीही बोलले असते," बाई म्हणाल्या. "बसा. आता मला दुसरं काही विचारायचंय."

गोळ्यांचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढा अवधी आता नाही; शॉक द्यायला हवेत, असं बाईंनी सरळ सांगितलं. ते ऐकून यादव पांढराफटक पडला. "माझ्या बापाला करंट लावणार? नाही. घरी मेले तरी चालतील." भागीबाई भेटायला आल्या होत्या; त्यांनीही तोंडाला पदर लावला. कुणाच्या तरी भावाला म्हणे बांधून शॉक दिले होते आणि तो पुढे माणसात आला नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी दोघांना आतल्या खोलीत नेलं. एक पलंग, शॉकच्या यंत्राची एक लाकडी पेटी, प्राणवायूचं नळकांडं. "आधी भुलीचे डॉक्टर सुई देतात, माणूस झोपतो. मग स्नायू ढिले पडायचं औषध. मग काही सेकंदांचं काम. त्याला काही कळत नाही. पूर्वी भूल न देता करायचे, त्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्यात. त्या खोट्या नाहीत. मी तसं करत नाही. आणि हेही सांगते, काही दिवस विसरायला होईल. तेवढी किंमत आहे." मग त्या चांगुणाकडे वळल्या. "तुम्ही आत उभ्या राहा. स्वतः बघा. एकदा बघून नको वाटलं तर मी पुढे जाणार नाही."

निर्णय चांगुणावर आला. यादव बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. ती त्याच्याजवळ बसली. "अहो, मला शाळेत घालायचं ठरवलं तेव्हा मामांनी लोकांना विचारलं होतं?" थोड्या वेळाने त्याने खिशातलं पेन काढलं आणि कागदावर सही केली.

पहिल्या दिवशी चांगुणा सहादूंच्या पायांशी उभी होती. काहीतरी भयंकर बघायला मिळणार, म्हणून तिने पलंगाची कड घट्ट धरली होती. बाईंनी झोपलेल्या सहादूंच्या कपाळावरचे केस मागे सारले, ओलसर कापडाने कानशिलं पुसली. मग पेटीचं बटण. सहादूंच्या पायांचे अंगठे थरथरले, पापण्या फडफडल्या, बस्स. भुलीच्या डॉक्टरांनी त्यांना श्वास दिला. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. बाई सगळा वेळ त्यांचा हात धरून उभ्या होत्या. "सहादूबाबा, तुम्ही हॉस्पिटलात आहात. मी आहेर. चांगुणा इथेच आहे."

बाहेर येऊन चांगुणा यादवला म्हणाली, "दात काढतानाही यापेक्षा जास्त त्रास होतो."

दुसऱ्या वेळेनंतर सहादू पाणी प्याले. तिसरीनंतर सकाळी मैना सिस्टर खोलीत शिरल्या तर म्हातारा उठून बसलेला. "सिस्टर, च्या मिळंल का? साखर कमी नका घालू." मैना सिस्टर चहा आणायला ज्या पळाल्या, त्या वाटेत दोन डॉक्टरांना सांगतच गेल्या. चांगुणा शाळेतून आली तेव्हा सहादू खिडकीशी बसून खाली चाललेल्या टांग्यांकडे बघत होते. तिला बघून म्हणाले, "वाळलीस लय. जेवत नाय का?"

ती तिथेच दारात बसली आणि पोटभर रडली.

एकूण सहा वेळा शॉक दिले. मधल्या दिवसांत सहादूंना धाकट्या नातवाचं नाव आठवेना. त्या सगळ्या हिवाळ्याचा बराचसा भाग तर पुढेही कधी आठवला नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं. बाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. वहीत लिहून घेतलं. मग रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दर गुरुवारची भेट.

एप्रिलमधल्या अशाच एका गुरुवारी बाईंनी बहिरूचा विषय काढला. सहादू शांतपणे म्हणाले, "तो जित्ता हाय, मला ठाऊक हाय. पाऊल गेलं त्याचं. दवाखान्यातनं वाचून आल्याचं तवाच कळलं व्हतं मला. त्या आजारात ठाऊक असलेलं समदं उलटं झालं व्हतं, बाई."

"मग आता काय वाटतं?"

"तो मेला नाय. पण पाऊल तर गेलंच ना. माझ्या पाळीत. त्याला तोंड दाखवायचं धाडस झालं नाय कधी. बदली झाली तशी सुटल्यागत वाटलं. आजारात जे बोललो ते खोटं, पण ह्ये खरं हाय."

"हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "याला माझ्याकडे औषध नाही. पण मनमाड लांब नाही."

मे महिन्याच्या सुट्टीत सहादू, यादव आणि चांगुणा मनमाडला गेले. बहिरू सायकलच्या एका वाकड्या झालेल्या चाकाचा आउट काढत बसला होता. मान वर करून बघितलं आणि चाक तसंच फिरत राहिलं.

"जयभीम, बहिरू," सहादू म्हणाले.

"जयभीम. तेहतीस वर्षांनी आठवण झाली व्हय?" बहिरूने स्टूल पुढे सरकवलं. त्याच्या आवाजात धार होती, आणि ती सहादूंनी खाली मान घालून ऐकून घेतली. "पायाचं मला काय नाय वाटलं. पाय माझा घसरला. पण तू एकदा बी आला नाय, त्याचं वाटलं. मी म्हनलं, माझा लंगडा पाय बघवत नाय याला."

"तसंच व्हतं," सहादू म्हणाले. "नाय बघवला."

बहिरूने हातातला पाना खाली ठेवला. मग यादवकडे बघून म्हणाला, "ह्योच का त्या दिवशीचा?"

यादव पुढे झाला आणि त्याच्या पाया पडला. बहिरूने त्याला खांद्याला धरून उठवलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "उंच झाला की रे. बापावर नाय गेला." मग त्याने समोरच्या हॉटेलात हाक मारून चार चहा सांगितले. दोन म्हातारे दुपार टळेपर्यंत बोलत बसले. मेलेले स्टेशन मास्तर, बंद पडलेली गाडी, कुणाकुणाची पोरं. निघताना बहिरू म्हणाला, "ती डॉक्टरीणबाई आली व्हती तुझी चौकशी करत. उन्हात हिंडून तोंड लाल झालेलं. मी म्हनलं, पाणी प्या. तर म्हणती, आधी सांगा, सहादू पगारे माणूस कसा होता. मी सांगितलं, रूळ फिरवला की दोनदा वाकून बघायचा, तसला होता."

पुढची चार वर्षं बरी गेली. गुरुवारची गर्दी वाढली. विंचूर, निफाडकडून बैलगाडीने, एसटीने लोक म्हातारी माणसं घेऊन येऊ लागले. बाईंनी सोमवारही सुरू केला. शॉकचं नाव ऐकून कुणाचं घर घाबरलं की त्या चांगुणाला चिठ्ठी पाठवायच्या आणि चांगुणा शाळा सुटल्यावर जाऊन बसायची. विसरायला होतं तेही ती सांगायची. "मी स्वतः उभी होते," एवढ्यावरच बहुतेकांची भीती निम्मी व्हायची.

१९८१ च्या पावसाळ्यात एका सकाळी सहादू विहारातून लवकर परत आले. चांगुणा शाळेला निघाली होती.

"पोरी, आज दांडी मारशील का?"

"का, मामा?"

"चार दिस झाले, पोरांचा गलका नकोसा वाटतो. पेपर हातात घेतो आन् तसाच ठिवतो. काल हात चोळत बसलो व्हतो, माझं मलाच दिसलं." ते चपला न काढताच उंबऱ्यावर उभे होते. "लय खोल जायच्या आधी जाऊ."

चांगुणाने दप्तर खाली ठेवलं आणि त्यांच्यासाठी धुतलेला सदरा काढला. तो काही गुरुवार नव्हता, बुधवार होता. तरी ते निघाले. बसमध्ये सहादूंना खिडकीची जागा मिळाली. वाटेत द्वारका चौक ओलांडल्यावर ते म्हणाले, "बाई आज नसल्या तर?"

"असतील," चांगुणा म्हणाली.

बाई होत्या. दोन पेशंटांच्या मधे त्यांनी दार उघडलं, बाकावर बसलेल्या सहादूंना बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजीच्या आधी आनंद दिसला. "स्वतः आलात?"

"स्वतः आलो," सहादू म्हणाले, आणि बाकाच्या पाठीला हात देऊन उठले.